नाताळ २५ तारखेला; पण सगळा पाहुणचार त्याच दिवशी कशासाठी?

डिसेंबर लागला की शिरूर-दौंड पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांवर चांदण्या लागतात आणि घरातल्या बाईच्या डोक्यात यादी सुरू होते. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, केक, मुलांचे कपडे, घराची साफसफाई, कॅरोल गात येणाऱ्यांचा चहा, २५ तारखेची बिर्याणी, शेजाऱ्यांकडे पाठवायची ताटे. सण आनंदाचा खरा. पण तो आटोपल्यावर ‘सुटले एकदाची’ असा सुस्कारा अनेक घरांत ऐकू येतो. हा ताण कमी करायचा तर परंपरा मोडावी लागते का? तसे वाटत नाही. परंपरेतच त्याची सोय आहे. आपण ती वापरत नाही, एवढेच.

एकाच दिवसावर एवढा भार का?

दिवाळी चार-पाच दिवसांची असते. शाळांना मोठी सुट्टी असते, पाहुणे आज नाही तर उद्या येतात, भाऊबीज राहिली तर पुढच्या रविवारी होते. नाताळचे तसे नाही. मिशनच्या आणि काही इंग्रजी शाळा सोडल्या तर मुलांना सुट्टी मिळते ती २५ डिसेंबरची, एका दिवसाची. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्याला तीही हक्काने मिळेलच असे नाही. शेती असलेल्या घरात याच दिवसांत रब्बी कांद्याची लागवड आणि उसाची तोड चालू असते.

पैशाचे गणितही वेगळे आहे. कारखान्यांतला बोनस साधारणपणे दिवाळीच्या तोंडावर होतो. शेजारपाजारची मुले फटाके उडवत असताना आपल्या मुलांना कोणी नुसते बघत बसवत नाही, त्यामुळे ख्रिस्ती घरातही दिवाळीचा थोडा खर्च होतोच. नाताळ येईपर्यंत हात आखडलेला असतो.

त्यात रस्ता. पुण्यात राहणारा मुलगा सकाळची उपासना आटोपून आई-वडिलांकडे तळेगाव ढमढेरेला निघाला, तर वाघोलीपासून शिक्रापूरच्या चौकापर्यंतची कोंडी त्याच्या वाट्याला येते. तो पोहोचतो तेव्हा बिर्याणी गार झालेली असते, आई चिडलेली असते आणि सूनबाई गाडीतून उतरते तीच थकून. संध्याकाळी पुन्हा परतीची घाई, कारण दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते. भेटीसाठी आखलेल्या दिवसात भेट तेवढी राहून जाते.

हा भार कोणाच्या वाट्याला येतो?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरातली बिनमोलाची कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. हा हिशेब साध्या दिवसांचाही आहे. सणाच्या आठवड्यात करंज्या लाटणे, तळणे, ताटे भरणे हे त्याच २८९ मिनिटांच्या वर चढते.

शिवाय कुठल्याही मोजणीत सहज न सापडणारे एक काम असते, ते म्हणजे लक्षात ठेवणे. अनारशाचे तांदूळ कधी भिजत घालायचे, कोणाला मधुमेह आहे, कोणत्या शेजाऱ्यांकडे मांसाहार चालत नाही म्हणून त्यांचे ताट वेगळे, गेल्या वर्षी कोणाकडून काय आले होते. घरातला पुरुष ‘सांग, मी करतो’ असे मोकळ्या मनाने म्हणतो. पण सांगण्यासाठी लक्षात ठेवावे लागते आणि ते तिच्याकडेच राहते. म्हणून नाताळचा ताण हा निव्वळ वेळेचा प्रश्न नाही. जी राबते तिला काय करायचे आणि काय नाही हे ठरवण्याचा अधिकार आहे का, हा त्यातला कळीचा भाग आहे.

‘पूर्वीपासून असेच आहे’ हे कितपत खरे?

नाताळच्या ज्या गोष्टी आपण अनादी समजतो, त्यातल्या बऱ्याच तुलनेने अलीकडच्या आहेत. इंग्लंडमध्ये नाताळचे झाड लोकप्रिय झाले ते १८४० च्या दशकात, राणी व्हिक्टोरियाच्या घरातल्या झाडाचे चित्र छापून आल्यावर. नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र १८४३ चे.

आपल्या भागाचा धागा तर आणखी रंजक आहे. अहिल्यानगर परिसरात १८३१ पासून काम करणाऱ्या आणि पुढे शिरूरलाही केंद्र असलेल्या अमेरिकन मराठी मिशनची पाळेमुळे अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात होती. त्याच भागातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन लोकांनी १६५९ मध्ये नाताळ साजरा करण्यावर पाच शिलिंग दंड ठेवला होता. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. नाताळची सुट्टी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात आली ती १८७० मध्ये, म्हणजे मिशनरी नगरला येऊन जवळपास चाळीस वर्षे झाल्यावर. तेव्हा आपल्याकडच्या करंजी-चकलीच्या नाताळचा नमुना काही त्यांनी बोटीतून आणलेला नव्हता. मराठी ख्रिस्ती बायांनी आपल्या चुलीवरच्या दिवाळीच्या फराळातून तो घडवला.

बदलाची ही परंपरा इथलीच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन आणले. पंडिता रमाबाईंनी दौंड तालुक्यातल्या केडगावी, मुक्ती मिशनमध्ये, सामान्य माणसाला कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. दोघांनीही श्रद्धा तीच ठेवून तिचे रूप बदलले. उपासनेची भाषा आणि चाल बदलता येत असेल, तर जेवणाची तारीख आणि पदार्थांची संख्या बदलायला कशाची आडकाठी आहे?

मग सण पुढे ढकलायचा का?

नाही. २५ डिसेंबरची उपासना, मध्यरात्रीची मिस्सा हे सगळे जागच्या जागी राहावे. प्रश्न आहे तो पंगतीचा. आणि तिथे चर्चचे जुने पंचांगच मदतीला येते. पाश्चात्त्य चर्चच्या पंचांगात नाताळचा काळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि बारा दिवस चालतो. त्यानंतर ६ जानेवारीला, मागी लोक बाळ येशूच्या दर्शनाला आल्याच्या स्मरणाचा सण येतो. गोव्यात चांदोर, कासावली आणि रेइश मागूश इथे तीन राजांचे फेस्त त्याच दिवशी होते. खुद्द बेथलेहेममध्ये नाताळ तीनदा होतो : २५ डिसेंबरला, ऑर्थोडॉक्स पंथीयांचा ७ जानेवारीला आणि तिथल्या आर्मेनियन ख्रिस्ती लोकांचा १८-१९ जानेवारीला. जिथे जन्म झाला त्या गावालाच एका तारखेचा हट्ट नाही.

हे परके वाटत असेल तर शेजारच्या घरात डोकवावे. संक्रांत एका दिवशी असते, पण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत सोयीच्या कुठल्याही दिवशी करतात. गल्लीतल्या बायका आपापसांत तारखा वाटून घेतात, म्हणजे सगळ्यांना सगळीकडे जाता येते. संक्रांतीलाच बोलावले नाही म्हणून कोणी रुसत नाही. नाताळच्या पाहुणचारालाही हीच सवलत का नसावी?

प्रत्यक्षात काय बदलता येईल?

पहिली गोष्ट, उपासना आणि कुटुंबाची पंगत वेगळी करावी. २५ तारखेला ज्याने त्याने आपापल्या गावच्या चर्चमध्ये जावे, दुपारी घरी साधे जेवण करावे, झोप काढावी. सगळ्या भावंडांची पंगत त्यानंतरच्या रविवारी. तारीख धरताना एक काळजी घ्यावी. १ जानेवारीला कोरेगाव भीमाजवळ पेरणे इथल्या जयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी लाखो लोक येतात आणि त्यासाठी पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी हे दोन दिवस टाळून बेत आखावा; ते जमत नसेल तर ६ जानेवारीच्या आसपासचा रविवार आहेच.

दुसरी गोष्ट फराळाची. घरातल्या प्रत्येकाने एकच पदार्थ सांगावा, ज्याच्याशिवाय नाताळ वाटणार नाही. बहुतेक घरांत त्यातून दोन-तीनच नावे पुन्हा पुन्हा येतील. ते घरी करावेत, बाकीचे बचत गटाकडून किंवा ओळखीच्या बाईंकडून घ्यावेत. त्यांच्याही हाती चार पैसे पडतील. रवा, तूप, साखर नेऊन बेकरीच्या भट्टीत नानकटाई भाजून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. तेव्हा ‘बाहेरून केलेले म्हणजे सण बाटला’ असे मानायचे कारण नाही. शंकरपाळी, चकली, चिवडा घट्ट झाकणाच्या डब्यात टिकतात; ते डिसेंबरच्या मध्यालाच उरकता येतात.

तिसरी गोष्ट कॅरोलची. रात्री अकराला पंचवीस-तीस जण दारात आले की त्यांना तसेच कसे पाठवणार, म्हणून घरोघरी चहा आणि फराळ होतो. गाणाऱ्यांनाही दहाव्या घरी तो नकोसा झालेला असतो. मंडळीच्या बैठकीत पाळकांनीच सांगावे, की चार-पाच घरांनी मिळून एका अंगणात जमावे, चहा तिथे एकदाच होईल. हे एका बाईने एकटीने ठरवले तर ती कंजूष ठरते; मंडळीने ठरवले तर तो नियम होतो.

चौथी गोष्ट भेटवस्तूंची. मोठ्यांनी मोठ्यांना कपडे घेणे थांबवावे किंवा चिठ्ठ्या टाकून एकाने एकालाच द्यावे, आणि रकमेची मर्यादा आधी ठरवावी. मुलांचे मात्र कमी करू नये.

आणि पाचवी, सगळ्यांत अवघड. कामे पदार्थाने वाटावीत, मदतीने नव्हे. ‘मी मदत करीन’ असे न म्हणता, ‘बिर्याणी माझ्याकडे’ असे म्हणावे. बिर्याणी माझ्याकडे म्हणजे मटण आणण्यापासून पातेले घासण्यापर्यंत सगळे माझ्याकडे. मुलगा, जावई, नातू सगळ्यांच्या नावापुढे काही तरी लिहिलेले असावे.

ज्येष्ठांना हे पटेल का?

सगळ्यांना नाही, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखेही नाही. सत्तरीच्या आजीसाठी शंभर करंज्या लाटणे हे कष्ट असतील, पण घरात आपल्यावाचून काही अडते, हे जाणवण्याचा तो वर्षातला एक दिवसही असतो. ‘आई, तुम्ही आराम करा, आम्ही विकत आणू’ हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी तिला ‘तुमची आता गरज नाही’ असे ऐकू येऊ शकते. म्हणून काम काढून घेण्यापेक्षा जागा बदलावी. तिने पाटावर बसून सारण करावे, नातवांना मुरड घालायला शिकवावे. लाटणे-तळणे इतरांनी करावे. तारीख बदलण्याचा निर्णयही तिला कळवायचा नसतो, तिच्याशी बोलून घ्यायचा असतो. ‘पंगत रविवारी ठेवली तर आम्ही दोन दिवस मुक्कामाला येऊ’ असा प्रस्ताव असेल, तर किती आजी नको म्हणतील?

काय अजिबात कमी करू नये?

शेजाऱ्यांचे ताट. ज्या गावात ख्रिस्ती घरे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी असतात, तिथे त्या ताटामुळेच इतरांना कळते की आज यांचा सण आहे. दिवाळीत त्यांच्याकडून आलेले ताट आणि नाताळात आपल्याकडून गेलेले ताट, यावर पिढ्यान्‌पिढ्यांची ये-जा उभी असते. दमलो म्हणून एक वर्ष ते बंद केले, तर पुन्हा सुरू करणे सोपे नसते. ताटात सातऐवजी तीन पदार्थ असले तरी चालेल. ते घेऊन जाणारा मात्र घरातलाच कोणी असावा आणि त्याने पाच मिनिटे तिथे टेकावे. हवे तर ही ताटेही २५ तारखेपासून बारा दिवसांत, रोज दोन घरे अशी द्यावीत. उलट त्यामुळे प्रत्येक घरी निवांत बसता येईल.

सुरुवात कधी करावी?

नाताळच्या आदल्या आठवड्यात असे काही सुचवले तर भांडण ठरलेले. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ हा मुळात तयारीचाच काळ आहे. त्याच्या पहिल्या रविवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र बसून किंवा फोनवर बोलून ठरवावे. ‘यापुढे कायमचे’ असे न म्हणता ‘यंदा करून बघू’ असे म्हणावे. पहिल्या वर्षी दोनच बदल पुरेत : पंगतीची तारीख आणि कामांची वाटणी. जमले तर पुढे चालू ठेवावे, नाही तर जुने आहेच.

आणि बदल जमला की नाही, हे ताटातल्या पदार्थांवरून ठरवू नये. जी दर वर्षी सगळ्यांचे जेवण उरकून शेवटी स्वयंपाकघरात उभ्याने जेवते, ती यंदा पहिल्या पंगतीला बसली का, एवढे पाहावे.