जयंतीच्या सरबताला पाणी कुठलं?

चौदा एप्रिल जवळ आली की वस्तीत सरबताची बोलणी सुरू होतात. वर्गणी जमते, मांडव पडतो, निळ्या पताका लागतात आणि चौकातल्या टेबलावर मोठं पिंप येऊन बसतं. त्यात नळाचं पाणी, दहा-बारा किलो साखर, बाटलीतला लालभडक अर्क आणि वर बर्फाची लादी. मिरवणुकीत नाचून घामाघूम झालेली पोरं, लेझीम खेळून आलेल्या मुली, विहारातून परतणाऱ्या आज्या, सगळे त्या पिंपाभोवती जमतात. कुणी कुणाची जात विचारत नाही, कुणी कुणाला थांबवत नाही. आपल्या जयंतीतलं हे दृश्य आम्हाला फार आवडतं. म्हणूनच त्याबद्दल थोडं कडू बोलायचं आहे.

गेल्या वर्षी जयंतीनंतर दोन दिवसांत आमच्या गल्लीत चार-पाच घरांतल्या लेकरांना उलट्या-जुलाब झाले. ऊन बाधलं असेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाहेर काय प्यायलं? पाणी कुठलं होतं?" आणि आम्हाला उत्तर देता आलं नाही. मंडळाच्या पोरांना विचारलं, त्यांनाही सांगता येईना. पिंप नळीने भरलं होतं, ती नळी गटाराच्या कडेने गेलेली. बर्फ हातगाडीवरून आला होता, पोत्यात गुंडाळून. दोष सरबताचाच होता, असं आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. पण शेकडो माणसांना आपल्या हाताने पेला देताना पाणी कुठलं हे आपल्याला ठाऊक नव्हतं, ही चूक मात्र आपलीच होती.

पाण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि हजारो माणसं त्यांच्या मागोमाग तळ्यात उतरली. नगरपालिकेने ते तळं १९२४ मध्येच सर्वांसाठी खुलं केल्याचा ठराव केला होता, पण ठराव कागदावरच होता. आपली माणसं पाणी प्यायल्यावर तिथल्या सवर्णांनी तळं ‘बाटलं’ म्हणून शुद्धीकरण केलं. कशाने? गाईचं शेण आणि गोमूत्र पाण्यात कालवून! पुढे दहा वर्षं कोर्टकचेरी चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

या इतिहासातून आम्ही एक गोष्ट शिकतो. सोवळं वेगळं आणि स्वच्छता वेगळी. सोवळं विचारतं, हात कुणाचा लागला? स्वच्छता विचारते, हात धुतले होते का? सोवळ्याला माणसाचा विटाळ होतो आणि शेण पवित्र वाटतं. स्वच्छतेला माणूस चालतो, शेण चालत नाही. त्यामुळे पिंपात कुणी हात घालू नये, दांड्याच्या ओगराळ्यानेच वाढावं, असं आम्ही म्हणतो तेव्हा कुणी मनाला लावून घेऊ नये. हा नियम एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा नाही. वाढणाऱ्यालाही तोच, अध्यक्षांनाही तोच.

आपल्या धम्मातही याला आधार आहे. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत, म्हणजे जवळ ठेवायच्या आठ वस्तूंत, चीवर आणि भिक्षापात्राबरोबर पाणी गाळायचं गाळणंही आहे. पाण्यातले जीव मरू नयेत हा त्यामागचा मुख्य हेतू. पण पाणी पाहून, गाळून प्यावं ही शिस्त त्यातून आलीच. विनयपिटकात तथागतांनी भिक्खूंना आठ प्रकारच्या पेयांची मुभा दिल्याचं येतं. त्यात आंबा, जांभूळ, केळी, द्राक्ष, फालसा या फळांची आणि मधाची पेयं आहेत. म्हणजे फळांचं पेय हा आपला जुना, साधा आणि पंचशीलात बसणारा पाहुणचार आहे. बाटलीतल्या रंगाची त्याला गरज नाही.

आता आरोग्याचं बोलू. पाणी गोठलं म्हणून त्यातले जंतू मरत नाहीत. लिंबू पिळल्यानेही मरत नाहीत. मासळी आणि माल थंड ठेवायला वापरतात तो बर्फ पोटात घालायचा नसतो. तो ओळखता यावा म्हणून त्यात निळसर रंग घालण्याचा नियमही आहे. पण गाडीवरची लादी पांढरी दिसली म्हणून ती खाण्याचीच आहे, असं समजू नये. जुलाब दोन दिवसांत दिसतात, पण दूषित पाण्यातून होणारी कावीळ दोन ते सहा आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा उठते. मे महिन्यात पोराचे डोळे पिवळे झाले तर एप्रिलचा पेला कुणाला आठवणार?

साखरेचंही तसंच. पाकाच्या सरबतात पेल्यामागे चार-पाच चमचे साखर सहज जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या खाण्यात वरून घातलेली साखर साधारण सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. आपल्या वस्तीत घरटी नाही म्हटलं तरी एखाद्याला साखरेचा आजार असतोच. जयंतीच्या दिवशी ‘नको’ म्हणायला माणूस लाजतो आणि दोन पेले पितो.

मग सरबत बंद करायचं का? मुळीच नाही. चांगलं करायचं. शंभर पेल्यांचा हिशोब देतो, पेला दीडशे मिलीलीटरचा.

पाच-पाच किलोची दोन कलिंगडं, तीस लिंबं, एक किलो साखर, तीन सपाट चमचे मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, दोन जुड्या पुदिना आणि साडेआठ लिटर पाणी. आदल्या रात्री पाणी खळखळ उकळावं, पाच मिनिटं उकळत ठेवावं आणि झाकून गार करावं. गॅस परवडत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण आणावं, आशाताईंनाही विचारावं. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात ते घालून अर्धा तास थांबावं. हेच पाणी नव्या माठात भरून माठाला ओलं फडकं गुंडाळलं की सकाळपर्यंत छान गार होतं. आणखी थंड हवं असेल तर उकळलेलं पाणी स्वच्छ बाटल्यांत थोडी जागा सोडून भरावं, ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांच्याकडे ते गोठवावं आणि त्या बंद बाटल्या बाहेरून धुऊन पिंपात सोडाव्यात. सरबत गार होतं आणि बाहेरचा बर्फ आत जात नाही.

कलिंगड चिरण्याआधी सालीसकट धुवावं. बिया काढून गर घुसळावा, गाळून घ्यावा. साखर थोड्या पाण्यात आधी विरघळवावी. लिंबाचा रस, मीठ, जिरं घालून सगळं एकत्र करावं, पुदिना धुऊन, चुरडून टाकावा. पेल्यामागे दोन चमचे साखर पडते, बाकी गोडी कलिंगडाची. कोकणातल्या मंडळींनी कोकम वापरावं, विदर्भ-मराठवाड्यात कैरीचं पन्हं करावं. पाण्याचे नियम तेच. साखरेच्या रुग्णांसाठी बिनसाखरेचं लिंबूपाणी वेगळ्या भांड्यात ठेवावं आणि त्यावर चिठ्ठी लावावी. ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय त्यांना साधं पाणी द्यावं.

सगळं सरबत एकदम करून उन्हात ठेवू नये. दोन-तीन घाणे करावेत, केलेलं दोन तासांत संपवावं, उरलेलं फेकावं. पेले एकाच बादलीत बुचकळून पुन्हा भरू नयेत. साबणाने धुऊन वाहत्या पाण्याखाली खळबळावेत. पिंपाला तोटी असेल तर सर्वात बरं.

इतकं करूनही कुणाला जुलाब झालेच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजत राहावं. लेकरू मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शी मधून रक्त पडलं तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

शेवटी मुद्द्याची गोष्ट. पाणी उकळायचं काम आपल्या बायांनी आणि पोरांनी एक दिवस केलं, पण वर्षाचे बाकीचे दिवस काय? नळाची नळी गटारातून जाते, ती आपण तिथे घातलेली नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पाणी मिळालं पाहिजे, कारण ते संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतं. चवदार तळ्याच्या निकालानंतर ७७ वर्षांनी पाण्यासाठी पुन्हा त्याच न्यायालयात जावं लागलं, हे विसरू नये.

म्हणून आमचं मंडळांना सांगणं आहे. यंदा मिरवणुकीच्या परवानगीचा अर्ज द्यायला जाल तेव्हा सोबत दुसरा अर्ज न्या. आमच्या वस्तीच्या नळाचं पाणी तपासा, अहवाल लेखी द्या, गटारातली जलवाहिनी बदला. खाली घराघरांतल्या सह्या घ्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. डीजेच्या वर्गणीतून थोडी रक्कम पाण्याकडे वळवली तर जयंतीचा थाट कमी होत नाही.

महाडला आपल्या माणसांनी ओंजळ भरली ती पाणी गोड होतं म्हणून नव्हे, ते आपलंही होतं म्हणून. आज ते आपलं आहे. आता ते स्वच्छही असायला हवं. यंदा चौकात कुणी पेला हातात घेऊन विचारलं, "पाणी कुठलं?" तर आपल्याला चटकन सांगता आलं पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!