नोंद कोणी ठेवायची?

लक्ष्मीपूजनाला पेढीवर नव्या वहीची पूजा होते. वही ज्याची, नोंद ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच, हे तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. स्थलांतराला वाहिलेला हा अंक वाचकांच्या हाती देताना ब्रिटनमधल्या कॅरिबियन माणसांची आठवण होते, ती याच मुद्द्यावर.

२२ जून १९४८ रोजी लंडनजवळच्या टिलबरी बंदरात 'एम्पायर विंडरश' बोटीतून हजारावर प्रवासी उतरले. त्यांतल्या ८०२ जणांनी आपले आधीचे वास्तव्य कॅरिबियन बेटांवर असल्याचे नोंदवले होते. दोनच आठवड्यांनी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि पुढे तिचे वॉर्ड कॅरिबियन परिचारिकांनी सांभाळले. लंडनच्या बस चालवायला माणसे हवीत म्हणून १९५६ पासून थेट बार्बाडोसमध्ये भरती झाली. पण नुसत्या श्रमांवर हे योगदान मोजणे आम्हाला अपुरे वाटते. बँक कर्ज देईना, घरमालक खोली देईना, तेव्हा या लोकांनी 'पार्डनर' चालवला. म्हणजे आपली भिशीच. दर आठवड्याला ठरलेली रक्कम विश्वासातल्या एका व्यक्तीकडे द्यायची आणि पाळी आली की सगळी एकदम उचलायची. त्या पैशांतून कित्येकांनी घराची सुरुवातीची रक्कम भरली. ब्रिस्टलमध्ये बस कंपनी काळ्या-सावळ्यांना चालक-वाहक म्हणून घेत नव्हती. १९६३ साली कॅरिबियन तरुणांनी बसवर बहिष्कार पुकारला आणि ऑगस्टअखेर ती बंदी उठली. त्यानंतर लागलेला पहिला बिगरगोरा कंडक्टर होता रघबीर सिंग, एक शीख. लढले कॅरिबियन, दार उघडले सगळ्यांसाठी.

यावर म्हटले जाते की ही माणसे आली पोटासाठी. मग देशाने त्यांचे ऋण का मानावे? पोटासाठी आली हे खरेच आहे, पण ती उपकार मागत नव्हती. १९४८ च्या कायद्याने वसाहतींतली प्रजा आणि ब्रिटनमधली प्रजा यांचे नागरिकत्व एकच होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोणी राहावे हे ठरवण्याचा आणि त्यासाठी कागद मागण्याचा हक्क प्रत्येक देशाला असतोच. आम्हालाही तो मान्य आहे. मात्र १९७३ पूर्वी येऊन स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क ब्रिटनच्या कायद्यानेच राखला होता. सरकारने त्यांना ना दाखला दिला, ना त्यांची यादी ठेवली. पुष्कळजण तर लहानपणी आईबापांच्या पासपोर्टवर आलेले. त्यांच्या आगमनाचा पुरावा ठरू शकली असती अशी बंदरावरची जुनी कार्डे २०१० मध्ये ब्रिटनच्या गृहखात्याने नष्ट केली. मग २०१२ पासून नियम कडक होत गेले. मालक, घरमालक, इस्पितळ, जो तो कागद मागू लागला. चाळीस-पन्नास वर्षे कर भरलेल्यांना वास्तव्याचे वर्षावर्षाचे पुरावे जुळवावे लागले. नोकऱ्या गेल्या, उपचार अडले. किमान ८३ जणांना चुकीने देशाबाहेर काढल्याचे उघड झाले. स्वतःची वही जाळून टाकायची आणि हिशेब समोरच्याकडे मागायचा, हा देशाचा हक्क होऊ शकत नाही. त्यांनी किती योगदान दिले हा प्रश्न इथे यायलाच नको होता. ज्याने एक दिवसही नोकरी केली नाही, त्याचाही राहण्याचा हक्क तेवढाच होता.

२०१८ मध्ये सरकारने माफी मागितली. २०२२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्थानकात स्मारक उभे राहिले: सुटकेसांच्या ढिगावर हात धरून उभे असलेले आई, बाप आणि मूल. भरपाईची योजना त्याआधी तीन वर्षे सुरू झाली होती. तिच्यातही काय गमावले याचे कागद अर्जदारांनीच जमवायचे होते, आणि त्यांतले काही वृद्ध पैसे हाती पडण्याआधीच वारले.