बचावाचे श्रेय बचावालाच

बुद्धिबळात मोहरा देऊन केलेला हल्ला फसला की त्याचे कारण बहुधा तयारच असते: हल्ला करणारा कुठेतरी चुकला. हल्ला यशस्वी झाला तर ती प्रतिभा, आणि फसला तर ती हल्लेखोराचीच चूक. दोन्हीकडे नायक तोच. बचाव करणाऱ्याच्या वाट्याला येते ती फार तर चिकाटीची शाबासकी, जणू वादळात झाडाला धरून बसला आणि वादळ ओसरले म्हणून वाचला. हे मत मला मुळातच चुकीचे वाटते. भक्कम बचाव ही हल्ल्याइतकीच सर्जनशील कृती आहे, आणि पुष्कळदा हल्ल्यातली चूक ही बचावानेच उघडकीला आणलेली गोष्ट असते. त्याला सर्वांत ठसठशीत पुरावा ऑक्टोबर १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत कापाब्लांका आणि फ्रँक मार्शल यांच्यात झालेल्या डावाचा.

स्पॅनिश ओपनिंगमध्ये मार्शलने आठव्या चालीला वजिरापुढचे प्यादे दोन घरे ढकलून राजाबाजूचे प्यादे देऊ केले. तयारी आधीच केलेली होती. आपल्यावर भयंकर हल्ला येणार आणि त्यातल्या वाटा प्रतिस्पर्ध्याला पाठ असणार, हे ओळखूनही आपण ते प्यादे घेतले, असे कापाब्लांकाने नंतर लिहून ठेवले आहे. तेराव्या चालीला काळा घोडा पांढऱ्या किल्लेकोटासमोर, प्याद्याच्या तोंडी येऊन बसला. कापाब्लांकाने तो मारला नाही. वजीर एफ३ वर आणला. पंधराव्या चालीला त्याच घोड्याने एफ२ चे प्यादे खाल्ले. आता वजिराने घोडा टिपावा, हे कुणालाही सुचेल. त्यावर काळ्याने घाईने उंट जी३ वर टाकला असता तर पांढऱ्याचा वजीर एफ७ वर कोसळून पुढच्याच चालीत हत्तीने मात झाली असती. पण काळ्याने आधी उंटाने एच२ वर शह दिला की पांढरा राजा एफ पट्टीवर जातो; मग तीच युक्ती मोडते, कारण वजीर मारणारा काळा हत्तीच राजाला शह देतो. एका शहाने सगळा हिशोब उलटतो. कापाब्लांकाने मोह टाळून हत्ती ई२ वर सरकवला. पुढे त्याने हत्ती देऊन घोडा घेतला, काळ्याचा एक उंट आधीच टिपलेला होता, आणि राजा भर पटावरून एफ१, ई२, डी३ असा चालत चोविसाव्या चालीला सी२ वर सुखरूप पोहोचला. या सगळ्या गदारोळात त्याचा वजिराच्या बाजूचा हत्ती आणि घोडा मूळ घरांतच होते. हत्ती एकतिसाव्या चालीला हलला, घोडा बत्तिसाव्या. छत्तिसाव्या चालीला डाव संपला. ज्याला आपण ‘टिकून राहणे’ म्हणतो त्यात इतके निर्णय आहेत: काय मारायचे नाही, कोणता मोहरा परत द्यायचा, राजाला घर कुठे शोधायचे.

यावर पहिला आक्षेप येतो तो संगणकयुगाचा. मार्शलने अकराव्या चालीला घोडा मागे घेतला तीच खेळी कमकुवत होती. त्या जागी सी पट्टीतले प्यादे एक घर पुढे टाकणे चांगले, हे आज शाळकरी खेळाडूही सांगतो. म्हणजे डाव चुकीमुळेच गेला? ही सुधारणा पुढे मार्शलनेच रूढ केली, आणि ती शोधण्याची गरज पडली ती याच डावामुळे. त्या दिवशी पटावर कापाब्लांकाच्या जागी डगमगणारा खेळाडू असता तर घोड्याची तीच खेळी तेजस्वी म्हणून छापली गेली असती. आजही वरच्या पातळीवर मार्शल हल्ला जिवंत आहे आणि अनेक ग्रँडमास्टर आठव्या चालीलाच त्याला बगल देतात, हा दाखला माझ्या विरोधात दिला जातो. मला तो बाजूनेच वाटतो. जो हल्ला आज टिकला आहे त्याला बचावाने घडवले आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. घरी बसून उत्तर सापडते, घड्याळ चालू असताना सापडत नाही. म्हणून व्यवहारात हल्लाच मोठा. त्यासाठी १९६० च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील सहावा डाव पुढे केला जातो. ताल याने घोडा देऊन बोट्विनिकवर झडप घातली, सभागृहात इतका गलबला झाला की खेळ मागच्या खोलीत न्यावा लागला, आणि बोट्विनिक हरला. ते बलिदान निर्दोष नव्हते, हे पुढच्या विश्लेषणात दिसले. पण मग ‘हल्ला चुकला म्हणून फसतो’ या मताचे काय होते? इथे दोष असूनही हल्ला फसला नाही, कारण त्या क्षणी दोष दाखवणारा बचाव पटावर नव्हता. हल्ल्याचे भवितव्य बचावाच्या दर्जावर ठरते, हे याहून स्पष्ट कसे सांगावे? पुढल्या वर्षीच्या परतीच्या लढतीत बोट्विनिकने १३-८ असा विजय मिळवला. ताल तेव्हा आजारी होता, म्हणून त्या आकड्यावर मी फार भार टाकत नाही.

प्रशिक्षकांना एवढेच सांगायचे आहे. मुलांना मार्शलचा हा डाव जरूर दाखवा, पण पट फिरवून पांढऱ्या बाजूने बसवा, चौदाव्या आणि सोळाव्या चालीपाशी थांबा, आणि त्यांना स्वतःची खेळी शोधू द्या.