दहाव्या एकावर मोडणारा जिना

राजुऱ्यातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही एक तक्ता पाहिला. १, ११, १११ असे करीत नऊ वेळा एक लिहिलेल्या संख्येपर्यंतचे वर्ग त्यावर जिन्यासारखे मांडले होते. शेवटची पायरी होती १२३४५६७८९८७६५४३२१ आणि खाली ठळक अक्षरांत 'गणिताचा चमत्कार'. दहा वेळा एक लिहिला तर काय, असे एका मुलाने विचारले. तक्त्यापाशी उभ्या मुलीने दुकानी कॅल्क्युलेटर दाबला. त्यात ही संख्या मावेना. मग कोणीतरी मोठ्या माणसाने सांगितले, "पुढे नियम मोडतो." विषय तिथेच संपला.

आमचा आक्षेप या संपण्याला आहे.

याच संख्यांवर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी मनापासून काम केले. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' म्हटले, डोंबिवली स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून. मधला ९ बाजूला ठेवा. १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज आठ नवांची येते. म्हणजे मधला अंकच दोन्ही बाजूंच्या बेरजेत पसरलेला असतो.

अंकांचे हे खेळ दशमान पद्धतीचे अपत्य, खरे गणित नव्हे, असे विद्वान म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. एक, दोन, तीन असे चढून उतरणे हा गुणाकाराचाच स्वभाव. कोणत्याही पायाच्या पद्धतीत तो दिसेल. दशमानाचे आहे ते मोडणे.

आता ते मोडणे पाहू. दहा एकांच्या वर्गात मधोमध १० येतात. शून्य मांडून हातचा एक डावीकडे जातो. तिथल्या नवाचे पुन्हा दहा होतात, त्यापलीकडच्या आठाचे नऊ. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१. जिना विस्कटला खरा. पण ही संख्या उजवीकडून दहा अंकांवर कापा. १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१. बेरीज करा: ११११११११११. मूळ संख्या परत!

वर्गाचे तुकडे जोडून मूळ संख्या देणाऱ्या संख्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. कारणही शाळेतलेच आहे. असे तुकडे जोडणे म्हणजे दहा नवांच्या संख्येने भागून बाकी काढणे. वर्गातून मूळ संख्या वजा केली तर ११११११११११ गुणिले १११११११११० उरते. दुसऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला नवाने भाग जातो. तो नऊ पहिलीला दिला की दहा नव तयार. भाग नि:शेष जातो.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, शहर लागत नाही. पाटी पुरते, आणि 'नियम मोडतो' म्हटल्यावर कुठे मोडतो हे विचारू देणारे कोणी. एकोणीस एकांचेही असेच होते, अठ्ठावीसांचेही. एकोणीस एकांचा वर्ग सदतीस अंकी आहे, वहीच्या एका पानावर सहज मावतो.