आधी पंपाला पाणी पाजा!

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलांचे वसतिगृह)

वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं ते ‘मडकं’ कोणाचं, हा प्रश्न मला या वर्षात किमान दोनशे वेळा विचारला गेलाय. रेक्टर सरांनी तर एकदा ‘संबंधितांनी भंगार तीन दिवसांत हलवावे’ अशी नोटीसच लावली होती. तर संबंधित आम्हीच. ते मडकं म्हणजे आगीच्या बंबाचा पंप आहे. बंब गेला, पंप राहिला. बंब कसा गेला ते सांगतो, आणि पुढचा जाऊ नये म्हणून आपल्या कॉलेजनं काय करावं याबद्दल माझं मत मांडतो. पटलं नाही तर मेसमध्ये गाठा, भांडू.

मी मलकापूरचा. शाहूवाडी तालुक्यातलं मलकापूर. बुलढाण्याचं नव्हे आणि कराडजवळचंही नव्हे. (पहिल्या वर्षी अर्धं होस्टेल मला विदर्भातला समजून रेल्वेच्या वेळा विचारायचं!) कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालात की आंबा घाटाच्या अलीकडे लागतं ते. कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. आमच्याकडे आग म्हणजे टीव्हीवरची बातमी नसते. पावसाळा सरला की डोंगरउतारावरचं गवत वाळतं, उन्हाळ्यात वणवा लागतो, आणि वणवा उतरून वाडीपर्यंत आला की आधी गवताच्या गंज्या जातात, मग गोठे. मी चौथीत असताना आमच्या चुलत्यांची गंजी पेटली होती. बंब यायला पाऊण तास लागला. तोवर गंजीची राख झालेली, पण शेजारचा गोठा त्या बंबानं वाचवला. दोन म्हशी होत्या आत. आजीनं दुसऱ्या दिवशी बंबाच्या ड्रायव्हरला घरी बोलावून जेवायला घातलं होतं, एवढं मला पक्कं आठवतं.

तो बंब एका संस्थेचा होता. नाव घेत नाही, कारण त्यांनी काही बेकायदा केलं नाही. टाटाचा १२१०. आता आपण यंत्रवाले म्हणून थोडं सांगतो, कारण मलाही हे सेकंड इयरपर्यंत माहीत नव्हतं. १२१० म्हणजे साधारण १२ टन एकूण वजन आणि १०० अश्वशक्ती. हीच रीत ४०७ ला: चार टन, सत्तर अश्वशक्ती. टाटानं १९५४ ते १९६९ मर्सिडीज-बेंझबरोबर गाड्या बनवल्या, तिथली ही आकड्यांची सवय. इंजिनाचं नाव ६९७, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १२८. गुणाकार करून बघा, ५६७५ सीसी येतात. गाडीच्या अंगावरच तिची जन्मपत्रिका लिहिलेली असते, वाचणारा पाहिजे.

अकरावी-बारावीत कॉलेजला जाता-येता मी तो बंब बघायचो. आवारात मागच्या कुंपणाला टेकून उभा. मागच्या फूटबोर्डातून पिंपळ उगवलेला, टायर बसलेले, घंटा कधीच चोरीला गेलेली. बॉनेटच्या जाळीला मात्र झेंडूची वाळलेली माळ. कुणीतरी दर खंडेनवमीला येऊन घालत होतं.

गेल्या वर्षी आम्ही पाचजणांनी ठरवलं, हा बंब मागायचा आणि पुन्हा चालू करायचा. छंद म्हणून! मार्कांसाठी नाही. (मार्कांसाठी काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. फायनल इयरचे प्रोजेक्ट ‘रेडी’ कुठं मिळतात याचे पत्ते ज्युनिअरलाही पाठ असतात.) संस्थेतले साहेब चांगले होते. म्हणाले, ‘पोरांच्या नावावर गाडी देता येत नाही. कॉलेजचं पत्र आणा.’ झालं! पत्र कोणी द्यायचं? विभाग म्हणाला, अभ्यासक्रमात नाही. कार्यालयानं विचारलं, खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा? सबमिशन, व्हायवा, परीक्षा, सुट्टी. एप्रिलमध्ये दिलेला अर्ज जूनच्या शेवटी सही होऊन आला. पत्र घेऊन आम्ही एसटीनं मलकापूरला उतरलो तेव्हा बंब तिथं नव्हता. जमिनीवर चार टायरांचे खड्डे आणि उपटलेला पिंपळ. वजनकाट्यावर चढून, गॅसकटरनं कापून तो आठ दिवसांपूर्वीच गेला होता.

भंगारवाल्याकडे पोचलो तर पंप तेवढा शिल्लक होता. गनमेटलचा, म्हणून त्यानं वेगळा काढून ठेवलेला. गनमेटलचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट. गॅदरिंगची उरलेली वर्गणी, एकाचा जुना मोबाईल आणि चुलत्यांकडून उसने पैसे (म्हशींची आठवण करून दिली!) असं करून आम्ही तो सोडवला.

पुढचे चार महिने आम्ही जे शिकलो ते पूर्ण डिग्रीत शिकलो नाही असं म्हटलं तर सर रागावतील, पण लिहितोच. इम्पेलर शाफ्टवर जाम. हातोडा मारायचा नाही, गनमेटल चिरतं. डिझेल सोडून दोन दिवस मुरवायचं, कडेनं बेतानं शेक द्यायचा, मग पुलर. जुनं ग्लँड पॅकिंग खरवडू लागलो तेव्हा लॅबच्या काकांनी ओरडून थांबवलं. जुन्या पॅकिंगमध्ये आणि ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की आयुष्यभर निघत नाही. ओलं करून, मास्क लावून, पिशवीत बांधून काढायचं. जुन्या लाल रंगात शिसं असण्याची शक्यता, तोही कोरडा घासायचा नाही. शाफ्टची स्लीव्ह उद्यमनगरात बनवून घेतली. तिथल्या मेस्त्रींनी ड्रॉइंग बघितलंच नाही, जुनी स्लीव्ह बोटांत फिरवली आणि विचारलं, ‘ही एका अंगानं खाल्लीया. बेअरिंग बघितलंसा काय?’ बघितलं नव्हतं. बेअरिंग गेलेलं होतं. याच कोल्हापुरात म्हादबा मेस्त्रींनी ऑइल इंजिनं घडवली, हे आम्ही फक्त ऐकून होतो. त्या दिवशी थोडं कळलं.

पंप जुळला, फिरायला लागला, पण पाणी उचलेना! मोटर बरोबर, दिशा बरोबर. तीन रात्री गेल्या. शेवटी त्या बंबाचे जुने ड्रायव्हर शोधून काढले (झेंडूची माळ घालणारे तेच!). आम्ही त्यांना मामा म्हणतो. सत्तरी ओलांडलीय. त्यांनी शेडमध्ये येऊन पंपावर हात ठेवला, सक्शनचा पाइप बघितला आणि म्हणाले, ‘आधी पंपाला पाणी पाज की रं. हवा पिऊन त्यो पाणी उचलत न्हाई.’

प्रायमिंग! सेंट्रिफ्युगल पंपात हवा असेल तर तो पाणी ओढू शकत नाही, हे आम्ही परीक्षेत पाच मार्कांना लिहिलेलं होतं. पूर्ण निर्वात केलं तरी पाणी १०.३ मीटरच्या वर चढत नाही आणि प्रत्यक्षात सातेक मीटरवरच दमछाक होते, हेही लिहिलेलं. पण फूट व्हॉल्व्ह गळतोय आणि आपण भरलेलं पाणी खाली परत चाललंय, हे मामांना पाइपला कान लावून कळलं. कॅव्हिटेशनची व्याख्या मला पाठ होती. ‘पंपात खडी फिरल्यागत आवाज’ ही व्याख्या मामांची, आणि आता मी जन्मात विसरणार नाही.

आमच्याकडे बंबाचं इंजिन नव्हतं, लॅबची छोटी मोटर होती. पण वेग एक तृतीयांश केला तर दाब एक नवमांश होतो आणि लागणारी शक्ती एक सत्तावीसांश. म्हणून छोट्या मोटरवरही तो फिरला. धार कँटीनच्या पायरीपर्यंतसुद्धा गेली नाही. पण मामांनी दोन्ही हातांनी ती अंगावर घेतली.

आता मताचं बोलतो. बंब जपण्याचं वेड काही माझ्याच डोक्यात आलेलं नाही. निजामाच्या रेल्वेकडे १९१४ सालचा एक जॉन मॉरिस बंब होता (हीच रेल्वे आपल्या मराठवाड्यातही धावायची). तो आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे आणि स्टेट्समनच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत स्वतःच्या चाकांवर धावलेला आहे. पुण्यात एरंडवण्याच्या अग्निशमन केंद्रात जुन्या साधनांचं संग्रहालय आहे. आणि कोल्हापूरकरांना जुनी गाडी म्हणजे काय हे सांगायला नको. दसऱ्याला मेबॅक निघते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस मावत नाही. ती राजाची गाडी, तिचा मान तिला मिळालाच पाहिजे. पण ज्या गाडीनं लोकांचे गोठे वाचवले तिला वजनकाटा, हे मला पचत नाही.

कायद्याचंही बघा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि नगरपालिकांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्याव्या लागतात. सूट संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास गाड्यांना. बंबाला नाही. दुसरीकडे २०२१ साली ‘व्हिंटेज’ गाड्यांचे नियम आले, पण ते ५० वर्षांवरच्या दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी. म्हणजे बंब पंधराव्या वर्षी म्हातारा ठरतो आणि पन्नासाव्या वर्षीही त्याला वारसा म्हणत नाहीत! कामावरच्या बंबाचं वय ठरवलं ते योग्यच आहे. आग लागलेली असताना दारात बंद पडलेला बंब कुणालाच नको. माझं म्हणणं कामावरून उतरलेल्या गाडीबद्दल आहे. आमचा बंब सरकारी नव्हता म्हणून निदान पंप तरी हाती लागला. नगरपालिकेच्या बंबाचा तोही लागणार नाही, जर आधीच कोणी मागितला नाही तर.

विरोधातलेही मुद्दे ऐकलेत. आमचे एक सर म्हणाले, ‘यात नावीन्य काय? तेवढ्या पैशात ड्रोन होईल.’ सर, ड्रोन व्हावाच. पण कुणीतरी केलेलं यंत्र उघडून, ते असंच का केलं असेल याचा विचार करणं हेही इंजिनीअरचंच काम ना? आणि आपल्यातले निम्मे नोकरीत आयुष्यभर दुसऱ्याची मशिनंच चालू ठेवणार आहेत. रूममेटचा मुद्दा जास्त खरा होता. तो म्हणाला, तुम्ही पास होऊन गेलात की ते मडकं पुन्हा ताडपत्रीखाली. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. म्हणूनच हे एका वर्षाचं प्रोजेक्ट नको, दोन-तीन बॅचनी पुढं न्यायचं काम हवं. पहिल्या बॅचनं फोटो, मापं आणि नोंदी कराव्यात, दुसरीनं इंजिन, तिसरीनं पंप आणि बॉडी. नुसता रंग मारून गेटवर उभा करायला तर माझा साफ विरोध आहे. रंगाचंही सांगतो, भारतीय मानकाच्या तक्त्यात ५३६ फायर रेड, ५३७ सिग्नल रेड आणि ५३८ पोस्ट ऑफिस रेड असे तीन वेगळे लाल आहेत. गाडी पोस्टाच्या पेटीच्या रंगात रंगवून ठेवणारे लोक मी पाहिलेत!

आणि मागायचं ते आत्ता, बंब उभा असताना. प्राचार्यांच्या सहीचं एकच पत्र आसपासच्या नगरपालिकांना आणि कारखान्यांना वर्षातून एकदा जावं: तुमचा बंब सेवेतून उतरणार असेल तर आधी आम्हाला कळवा, आम्ही शिकवण्यासाठी ठेवून घेऊ. सरकारी गाडी असेल तर त्यांनीही वरून परवानगी मागावी. रस्त्यावर न्यायची नाहीच. पटांगणात पंप चालला की पुरे. पुढेमागे नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातल्या कोणाला बोलावता आलं तर उत्तमच.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं. तेव्हा होस्टेलवर कोणी झोपलं नव्हतं, मोबाईलवर ज्वाळा बघत बसलो होतो. नाट्यगृह पुन्हा उभं करायचं ठरलं आणि ते बरोबरच आहे. पण त्या रात्री आगीत शिरलेल्या गाड्यांचे नंबर आपल्यापैकी कोणाला माहीत आहेत? १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीतल्या १९४४ च्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांसाठी अग्निशमन दिन पाळतात, तोही आपल्या कॉलेजात कधी झालेला मी पाहिला नाही.

मामांना एका कारखान्याच्या आवारात उभा असलेला आणखी एक १२१० माहीत आहे. लिलावाची तारीख अजून निघालेली नाही. पत्राचा मसुदा तयार करून कार्यालयात दिलाय, या वेळी पावती घेऊन. येत्या शनिवारी दुपारी मामा शेडवर येणार आहेत, प्रायमर उघडायचा आहे. सक्शनचा पाइप धरायला दोघं कमी पडतायत. जुने कपडे घालून या.