ग्रिपा, आरसे आणि आमची संस्कृती

मोटरसायकलला नव्या ग्रिपा आणि हॅंडलच्या टोकाला लागणारे आरसे (दुकानदार त्यांना बार-एंड म्हणतात) घरीच बसवले. यावर लिहिणार, असं कचेरीत बोललो, तर एक स्नेही चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, तुम्ही मराठी घेऊन बी.ए. झालेले. सांस्कृतिक काहीतरी लिहा. ग्रिपा कसल्या?"

वाक्य झोंबलं. म्हणून आज ग्रिपांवरच लिहितो.

आधी माझा मूर्खपणा सांगतो. उजवी ग्रिप पार टोकापर्यंत ढकलली आणि तिला चिकटूनच आरसा आवळला. दिसायला झकास! दुसऱ्या दिवशी फर्मागुडीच्या उतारावर रेस सोडली, तर गाडी कमीच होईना. ग्रिप आरशाच्या बुडाला घासून तिथंच अडकली होती. समोर बस. क्लच दाबला, लाल बटणाने इंजिन बंद केलं, म्हणून आज हे लिहितोय.

चूक माझीच. पण आरशांच्या खोक्यातला कागद इंग्रजी आणि चिनी भाषेत होता, तोही मुंगीएवढ्या अक्षरांत. मराठीत शोधलं, काही हाती लागलं नाही. नाट्यसंगीतावर ढीगभर, जत्रांवर ढीगभर. ते हवंच, मीही लिहितो. पण ज्यावर रोज पोरंबाळं बसवून आपण बाजारात जातो, त्या यंत्राबद्दल मराठीनं मौन धरायचं?

तर मंडळी, मराठीत ऐका. डावी ग्रिप थेट हॅंडलच्या नळीवर बसते; ही नळी बहुतेक गाड्यांना 22 मिलिमीटरची असते. उजवी बसते रेसच्या फिरत्या नळकांड्यावर, म्हणून तिचं भोक मोठं असतं. जोडीतल्या दोन्ही सारख्या समजून अदलाबदल करू नका. डावीला डिंक लावा आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर ऐन वळणावर हातात फिरेल. उजवी ग्रिप आणि आरसा यांत दोन-तीन मिलिमीटर फट ठेवाच. मग रेस पूर्ण पिळून सोडा. टक्‌कन जागेवर आली पाहिजे. हॅंडल डावीकडे, उजवीकडे पूर्ण वळवून पुन्हा तेच करा. आरसा नळीत घालण्याआधी नळीचं आतलं माप घ्या. टोकाची मूळ वजनं काढली की हादरे वाढू शकतात आणि आरशात मागची बस थरथरते, हेही ध्यानात असू द्या. आणि हॅंडल रुंद झालंय, हे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शिरताना विसरू नका.

झालं! यातलं काय मराठीत सांगता येत नाही? क्लच, ग्रिप, रेस हे शब्द आपल्या तोंडी रुळलेलेच आहेत. त्यांना अवघड संस्कृत प्रतिशब्द शोधत बसायची गरज नाही.

कोणी म्हणेल, हे मेकॅनिकचं काम. मान्य. ज्याला हात चालवता येत नाही त्याने त्याच्याकडेच जावं. पण तपासून घ्यायला तरी कळायला नको? आणि तो मेकॅनिक, तो पिवळ्या मडगार्डवाला पायलट, हे मराठी वाचत नाहीत असं कोणी ठरवलं?

1987 च्या राजभाषा कायद्यापासून आम्ही गोव्यात मराठीच्या स्थानासाठी भांडतोय. भांडावंच. पण ज्या भाषेत रेस का अडकली हे सांगायची आम्हाला लाज वाटते, तिला नुसतं राजपत्रातलं स्थान मिळून काय होणार? बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढलं, त्याचं नाव 'दर्पण'. म्हणजे आरसाच की! गणित शिकवणाऱ्या त्या माणसाला नवं ज्ञान मराठीत आणताना कमीपणा वाटला नाही. आम्हाला वाटतो.

असो. स्नेह्यांच्या स्कूटरला आरसे नाहीत. म्हणे, गर्दीत अडकतात. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीला आरसा लागतोच, हे त्यांना उद्या सांगणार आहे. अर्थात मराठीत.