करिअरची वाट : शिवणारे हात आणि किंमत ठरवणारे टेबल

आपल्या वस्तीत शिवणकाम ठाऊक नसलेले घर शोधावे लागेल. कोणाची आई पिको-फॉल करते, कोणाचे वडील गारमेंटच्या कारखान्यात कटिंग मास्टर असतात, कोणाची बहीण पीसवर काज-बटण करते. तरीही मुलाने किंवा मुलीने 'मला फॅशनच्या क्षेत्रात जायचे आहे' म्हटले, की घरात कपाळाला आठ्या पडतात. 'ते श्रीमंतांचे चाळे, तू बँकेच्या परीक्षेला बस' असे सांगितले जाते. पालकहो, हा समज एकदा तपासून पाहू या.

आधी थोडा इतिहास. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, त्याने विटाळ होतो असे सवर्ण कामगार म्हणत. चांगला पगार मात्र त्याच खात्यात होता. आपली माणसे कताईसारख्या कमी पगाराच्या खात्यांत राहिली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. धंदा तोच, गिरणी तीच, पण चांगल्या कमाईच्या खात्याचे दार आपल्याला बंद, हे त्यांनी दाखवून दिले.

आज चांगल्या कमाईचे खाते कोणते? मालाला नाव कोणते द्यायचे, किंमत किती लावायची आणि तो कोणाला विकायचा, हे जिथे ठरते ते. ताजे उदाहरण कोल्हापुरी चपलेचे. पिढ्यानपिढ्या चर्मकार आणि ढोर समाजाच्या कारागिरांनी ही कला जपली. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार करून २००० जोड इथे बनवून घेण्याचे जाहीर केले. किंमत सुमारे ८०० युरो! आपल्या बाजारातील जोडाशी ही किंमत ताडून पाहा, म्हणजे नावाची ताकद कळेल.

या नावाच्या कामालाच ब्रँड आणि मार्केटिंग म्हणतात. पूर्वी फॅशन टेक्नॉलॉजी म्हणजे कारखान्यातील यंत्रे, पॅटर्न आणि दर्जा तपासणी. आता त्यात मोबाइलवरील विक्री, गिऱ्हाइकाला माप सुचवणारे सॉफ्टवेअर, संगणकावर कपडा तयार करून पाहणे हेही आले. बंगळुरूची मिंत्रा २००७ साली आणि मुंबईची नायका २०१२ साली सुरू झाली. अशा कंपन्यांत मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह, मग ब्रँड मॅनेजर, मग मार्केटिंग प्रमुख अशा पायऱ्या असतात.

हे काम केवळ सुंदर फोटोंचे नाही, हिशेबाचे आहे. समजा, ८०० रुपयांचा कुर्ता आहे. एक गिऱ्हाईक मिळवायला जाहिरातीवर २०० रुपये जातात. दहा कुर्ते विकले, म्हणजे जाहिरातीचे २००० रुपये झाले. त्यातले तीन माप चुकल्यामुळे परत आले. म्हणजे टिकलेल्या प्रत्येक विक्रीमागे जाहिरातीचा खर्च सुमारे २८५ रुपये पडला, आणि परतीच्या वाहतुकीचा भुर्दंड वेगळा. आता जाहिरात वाढवायची की मापाचा तक्ता सुधारायचा? मुंढा कुठे काचतो, कोणते कापड पहिल्या धुण्यात आटते, हे ज्याला ठाऊक आहे तो अचूक उत्तर देईल. हे ज्ञान आपल्या मुलांनी घरातल्या मशीनजवळ बसून मिळवलेले असते. ते भांडवल आहे, त्याची लाज वाटू देऊ नका.

शिक्षणाची वाट अशी. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, १९८६ साली दिल्लीत सुरू झाली. तिचे मुंबई केंद्र खारघरला आहे. बारावीला गणित व भौतिकशास्त्र घेतलेल्यांना फॅशन टेक्नॉलॉजीची पदवी घेता येते. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला दोन वर्षांचा फॅशन मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम करता येतो. मार्केटिंगसाठी तो अधिक सरळ मार्ग आहे. दोन्हीसाठी प्रवेश परीक्षा असते. अनुसूचित जातींना १५ टक्के जागा राखीव आहेत, आणि १९९० च्या कायदादुरुस्तीमुळे आपण बौद्धही त्यात येतो. मात्र केंद्र सरकारच्या नमुन्यातील जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला परीक्षेआधीच काढून ठेवा. फी जड आहे, म्हणून केंद्राच्या 'टॉप क्लास' शिष्यवृत्तीची चौकशी प्रवेशाच्या दिवशीच करा. तिच्या जागा मर्यादित असतात.

निफ्टला नंबर लागला नाही तरी निराश होऊ नये. बी.कॉम. करता करता आईने शिवलेले वीस ब्लाउज विकून पाहा. किती जणींनी विचारले, किती जणींनी घेतले, किती परत आले आणि का, हे वहीत लिहा. मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्या. तुम्हाला काय येते, हे ती सांगेल.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खासगी कंपन्यांत आरक्षण नाही. पुष्कळ जागा ओळखीतून भरल्या जातात, आणि आपल्या मुलांना ती ओळख नसते. म्हणून इंग्रजी बोलण्याचा सराव रोज हवा, संगणकावर हिशेबाचे तक्ते करता आले पाहिजेत. तसेच आपल्यातले जे अशा कंपन्यांत पोहोचले आहेत, त्यांनी रिकाम्या जागेची बातमी विहारापर्यंत पोहोचवावी. एवढे केले तरी एखाद्या घराचे दिवस पालटतील.

मशीन चालवणे हलके काम नाही. त्या मशीनवर आपली घरे चालली. पण त्याच घरातल्या मुलीला आता किंमत ठरवणाऱ्या टेबलाशीही खुर्ची मिळाली पाहिजे. तिने हे स्वप्न बोलून दाखवले, तर तिला हसू नका. तिच्याबरोबर बसून अर्ज भरा.

जयभीम!